घरी चिवचिव, शाळेत चिडीचूप: कौन्सिलच्या ईपी सेवेचा आमचा अनुभव

माझी लेक ओवी (नाव बदललंय) इथल्या शाळेत वर्षभराहून जास्त काळ एक अक्षरही बोलली नाही. घरी मात्र दप्तर टाकायच्या आधीच तोंड सुरू व्हायचं. भावाशी भांडण मराठीत, बाहुल्यांची शाळा इंग्रजीत, आणि त्या शाळेत बाई झालेली ओवी हुबेहूब आपल्या वर्गशिक्षिकेच्या स्वरात म्हणायची, "आय ॲम वेटिंग फॉर एव्हरीवन." स्वयंपाकघरात उभी राहून मी ते ऐकायचे आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

आम्ही मूळचे इचलकरंजीचे, 2016 पासून इंग्लंडमध्ये, लंडनच्या पश्चिमेला. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, नाव लिहीत नाही, लेकीची शाळा लगेच ओळखू येईल. पण इथल्या कौन्सिलच्या ईपी सेवेबद्दल मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला तेव्हा सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. ईपी म्हणजे एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट, शाळेतल्या मुलांच्या अडचणी बघणारे मानसशास्त्रज्ञ. इथले पालक आणि शिक्षक नुसतं ईपी म्हणतात, मीही तेच म्हणते.

आधी थोडं मागचं सांगते. सप्टेंबर 2022 मध्ये ओवी रिसेप्शनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, गेली. दिवाळीच्या सुमारास बाई म्हणाल्या, घरी दुसरी भाषा असलेली मुलं सुरुवातीला गप्प राहतात, काळजी करू नका. हे खरंच असतं, नव्या भाषेत आलेली पुष्कळ मुलं काही महिने नुसती ऐकत असतात. म्हणून आम्ही थांबलो. पण पहिलीत गेल्यावरही तेच. एक दिवस ती ओली होऊन घरी आली, पिशवीत शाळेची दुसरी चड्डी. "सांगायचं नाहीस का गं बाईंना?" मी विचारलं. ती म्हणाली, "मी सांगत होते, पण आतूनच सांगत होते." त्या रात्री मी तिच्या बाहुल्यांच्या शाळेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि सकाळी शाळेच्या सेन्कोला दाखवला. विशेष गरजा असलेल्या मुलांचं काम बघणाऱ्या या बाई, इथल्या प्रत्येक सर्वसाधारण सरकारी शाळेत एक असतातच. त्यांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "हे भाषेचं नाही. मी ईपींशी बोलते."

तुमच्याकडे असं काही असेल तर व्हिडिओ काढाच. वर्षभर मी तोंडाने सांगत होते, "घरी बोलते हो ती." ते कुणाच्या कानात शिरलं नव्हतं.

ईपी मिळतात कशा, तेही सांगते, कारण मी आधी कौन्सिलला फोन करून तासभर वाया घालवला होता. आमच्याकडे तरी पालकाला थेट अपॉइंटमेंट मिळत नाही. शाळेला वर्षाला ईपींचे मोजकेच तास मिळतात, त्यातले काही शाळा स्वतःच्या बजेटमधून विकत घेते, आणि ते कोणत्या मुलासाठी वापरायचे हे सत्राच्या सुरुवातीला सेन्को आणि ईपी बसून ठरवतात. म्हणजे सेन्कोच्या यादीत मुलाचं नाव वर यायला हवं. पालकांची लेखी संमती लागतेच. खासगी ईपीही मिळतात, आम्हाला एकांनी साडेसहाशे पौंड सांगितले होते. खासगीकडे जाणार असाल तर एचसीपीसी या नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर नाव तपासून घ्या. इंग्लंडमध्ये ही पदवी कायद्याने राखलेली आहे, तिथे नोंदणी असल्याशिवाय कुणी स्वतःला एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट म्हणवू शकत नाही. तपासायला पैसे लागत नाहीत.

नोव्हेंबर 2023 मध्ये पहिली बैठक झाली. मला वाटलं होतं, बाई येतील, ओवीला बाजूच्या खोलीत नेतील, ठोकळे मांडून बुद्ध्यांक काढतील आणि कागद देतील. कोल्हापूरला शिक्षिका असलेल्या माझ्या बहिणीनेही हेच सांगितलं होतं. तसं काहीही झालं नाही. लायब्ररीच्या कोपऱ्यात लहान मुलांच्या खुर्च्यांवर आम्ही चौघी बसलो: वर्गशिक्षिका, सेन्को, ईपी बाई आणि मी. टेबलावर मोठा कोरा कागद. मी त्यांना मॅडम म्हणाले, तर त्यांनी हसून पहिलं नाव सांगितलं आणि तेच वापरा म्हणाल्या. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणून इथेही मी बाईच म्हणते.

कागदाच्या मधोमध त्यांनी ओवीचं नाव लिहिलं आणि प्रश्न सुरू केले. घरी कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतं? दुकानात बोलते का? शाळेच्या फाटकाबाहेर, गाडीत बसताना? खिडकी उघडी असेल तर? फोनवर आजीशी? मी दुसऱ्या खोलीत असताना? प्रत्येक उत्तर त्या कागदावर मांडत गेल्या, आणि तासाभरात माझ्याच लेकीचा एक नकाशा तयार झाला. फाटकाच्या आत तिचा आवाज बंद होत होता आणि फाटकाच्या बाहेर बारा-पंधरा पावलांवर सुरू होत होता. हे मी रोज डोळ्यांनी बघत होते, पण माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. वर्गशिक्षिकेने तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं की मधल्या सुट्टीत ओवी मैत्रिणीच्या कानाला हात लावून ओठ हलवते. ही गोष्टही तोवर कुणी कुणाला सांगितली नव्हती. तिघींकडे तीन तुकडे होते आणि ते एका टेबलावर पहिल्यांदाच आले.

त्या दिवशी बाईंनी सिलेक्टिव्ह म्युटिझम हा शब्द वापरला. काही ठिकाणी, काही माणसांपुढे मूल बोलूच शकत नाही. हट्ट नसतो, लाजही नसते, ती भीती असते. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, माहितीनुसार लहान मुलांत साधारण 140 मध्ये एकाला हे असतं, मुलींमध्ये जास्त, आणि दुसरी भाषा शिकत असलेल्या मुलांमध्येही जास्त. म्हणूनच आपल्या लोकांच्या मुलांत ते "भाषा येत नाही" या नावाखाली दडून राहतं. बाईंनी हेही स्पष्ट केलं की त्या डॉक्टर नाहीत, औषध देत नाहीत, आणि स्पीच थेरपिस्टचं मतही घ्यावं लागेल. लेस्टरची स्मायरा नावाची संस्था 1992 पासून फक्त याच विषयावर काम करते, तिचं नाव मला त्यांनीच दिलं.

दोन आठवड्यांनी त्या वर्गात येऊन बसल्या, सकाळी पावणेनऊला, वाचनाच्या कोपऱ्यात, ओवीकडे पाठ करून. पूर्ण सकाळ. नंतर त्यांनी जे सांगितलं ते माझ्या कायम लक्षात राहील. हजेरी आडनावाच्या अक्षरक्रमाने होते, आमचं आडनाव प पासून. बाईंनी समोरच्या काचेत ओवीला बघितलं. "एम" पासूनची नावं सुरू झाली की ओवी पेन्सिल खाली ठेवते, स्वेटरची कड मुठीत धरते आणि खांदे कानापर्यंत जातात. तिचं नाव पुकारलं जातं, ती मान हलवते, शिक्षिका हसून पुढे जाते. नाव होऊन गेल्यावरही मूठ सुटायला सात-आठ मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात गणिताचा धडा सुरू होऊन गेलेला असतो. रोज. वर्षभरापेक्षा जास्त दिवस.

त्यावर उपाय ओवीवर केलाच नाही. हजेरीच बदलली. आल्याबरोबर प्रत्येक मुलाने आपल्या नावाचं चित्र फळ्यावरच्या डब्यातून घराच्या चित्रात लावायचं, सगळ्या वर्गाने. कुणालाच बोलावं लागत नाही, त्यामुळे कुणी वेगळं दिसत नाही. सोमवारी बदललं आणि शुक्रवारी वर्गशिक्षिका मला फाटकावर म्हणाली, "आज तिने माझ्याकडे बघून लिहायला सुरुवात केली." खर्च म्हणाल तर थोडे चुंबक.

ओवीला त्या वेगळ्या भेटल्या फक्त एकदा, तेही टीएला सोबत घेऊन. टीए म्हणजे वर्गातल्या मदतनीस बाई. बोलायला सांगितलंच नाही. रंग दिले आणि सांगितलं, तुला आवडणार नाही अशी शाळा काढ, मग आवडेल अशी काढ. नावडत्या शाळेत ओवीने सगळ्या माणसांना डोळे काढले, भिंतींनासुद्धा. आवडत्या शाळेत एक लहान खोली, आत दोन माणसं आणि एक मांजर, दार बंद. पुढची सगळी आखणी बाईंनी त्या दुसऱ्या चित्रावरून केली. अहवालात ते चित्र छापलेलं आहे, "ओवीचं म्हणणं" या मथळ्याखाली. जी मुलगी एक शब्द बोलली नव्हती, तिचं म्हणणं अहवालाच्या पहिल्या पानावर होतं.

आणि मग ती खोली. शाळेत वाद्यं ठेवायची एक खोली आहे, तीच मिळाली. आठवड्यातून तीन सकाळी, आठ वीसला, शाळा भरायच्या आधी. मी फार्मसीत काउंटरवर काम करते, माझ्या मॅनेजरने शिफ्ट अर्धा तास पुढे ढकलून दिली. बाईंनी पायऱ्या लिहून दिल्या होत्या आणि एकच नियम ठळक अक्षरात: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माणूस बदलला तर जागा तीच, जागा बदलली तर माणूस तोच. पहिला आठवडा फक्त मी आणि ओवी, दार बंद, सापशिडी, मराठीत. मग दार किलकिलं, टीए बाहेर पॅसेजमध्ये. मग टीए उंबऱ्यात, आमच्याकडे पाठ करून कागद कापत बसलेल्या. मग टेबलाच्या टोकाला, पण खेळायचं नाही, बघायचं नाही. ओवीचा आवाज बंद पडला की एक पायरी मागे, न कुरकुरता.

सहाव्या आठवड्यात टीए खेळायला बसल्या. त्यांची सोंगटी सापाच्या तोंडावर आली आणि त्यांनी ती तशीच राहू दिली, मुद्दाम की चुकून ते मला आजही ठाऊक नाही. ओवी पटावर वाकली आणि म्हणाली, "साप." मराठीत, नेहमीच्या आवाजात. टीएंनी मान वर केली नाही, "वा" म्हणाल्या नाहीत, माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी सोंगटी उचलली आणि सापाच्या शेपटीपर्यंत खाली आणली. मी टेबलाखाली स्वतःचा गुडघा घट्ट धरून बसले होते. कौतुक करायचं नाही, हे बाईंनी आम्हा दोघींना बजावलं होतं, कारण कौतुक झालं की सगळे डोळे पुन्हा तिच्यावर.

हे सगळं ईपी बाईंनी स्वतः केलेलं नाही, हे लक्षात घ्या. त्या त्या खोलीत एकदाही आल्या नाहीत. त्या टीए एल्सा आहेत. मुलांच्या भावनिक गरजांसाठी ईपी लोक शाळेतल्याच मदतनीसांना शिकवून तयार करतात आणि नंतरही ठरावीक काळाने त्यांना एकत्र बसवून अडचणी ऐकतात, त्या कामाचं हे नाव. शाळेत रोज असलेल्या माणसाच्या हातात काम द्यायचं आणि स्वतः त्या माणसामागे उभं राहायचं, ही पद्धत मला सुरुवातीला पटली नव्हती. "तज्ज्ञ बाई येऊन नुसत्या बोलून जातात," असं मी नवऱ्याजवळ म्हणाले होते. आता वाटतं, वर्षाला मोजक्या तासांत एका माणसाने इतक्या शाळांत दुसरं काय करावं, आणि ओवीला तरी रोज ओळखीचा चेहराच हवा होता.

मराठीबद्दल. आधी शाळेतल्याच कुणीतरी मला सुचवलं होतं, घरी इंग्रजी बोला, लवकर सुटेल. आम्ही महिनाभर तसं केलंही, आणि त्या महिन्यात ओवी घरीसुद्धा कमी बोलायला लागली. बाईंनी पहिल्याच बैठकीत हे थांबवलं: घरची भाषा सोडू नका, ती सोडल्याने हे बरं होत नाही, उलट तिची बोलायची हक्काची जागा जाते. अहवालातही लिहून दिलं, म्हणजे पुन्हा कुणी सुचवलं तर दाखवायला कागद आहे. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्याशी बोलायचं म्हणून बाईंनी दुभाषी मागवला. सेवेने आधी हिंदी चालेल का विचारलं, मी नाही म्हणाले, आणि फोनवर खरोखर मराठी दुभाषी मिळाला. सासूबाई म्हणाल्या, "पोरीचा आवाज घशात अडकतो. देवळात गर्दीत गेली की पण तिचं असंच होतं. लाजरी नाही ती, घाबरते." बाईंनी ते शब्दशः टिपून घेतलं. आम्ही शिकलेली माणसं वर्षभर तिला लाजाळू म्हणत होतो. नातवाला, म्हणजे ओवीच्या दादाला, त्याच बैठकीनंतर एक काम मिळालं: शाळेत तिच्या वतीने उत्तर द्यायचं नाही, मनात पाचपर्यंत मोजायचं.

आता जिथे गाडी अडली ते. ईपी, शाळा, एनएचएसच्या स्पीच थेरपिस्ट, जीपी (फॅमिली डॉक्टर), शाळेच्या नर्स, या सगळ्यांनी एकमेकांना माहिती द्यावी म्हणून मी संमतीपत्रावरच्या एकूण एक चौकोनात खूण केली होती. तरी ईपींचा अहवाल थेरपीवाल्यांकडे पोचला नाही. शाळेने डिसेंबर 2023 मध्ये त्यांच्याकडे नाव पाठवलं, अपॉइंटमेंट आली सप्टेंबर 2024 मध्ये. नऊ महिने. मधल्या काळात आम्ही घर बदललं, एक पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि "प्रतिसाद नाही" म्हणून फाइल बंदही झाली होती. सेन्कोने फोन करून ती उघडून घेतली. शेवटी थेरपिस्ट भेटल्या तेव्हा जन्मापासूनचे तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. मी पिशवीतून अहवालाची प्रत काढून दिली, त्यांनी तिथेच बसून वाचली आणि मनापासून म्हणाल्या, हा आधी मिळाला असता तर तुम्हाला एवढं थांबावं लागलं नसतं. त्या बाई चांगल्या निघाल्या. पण दोन चांगल्या माणसांच्या मधला रस्ता मी पिशवीत कागद घेऊन चालले, आणि ज्या आईला इंग्रजी येत नाही तिने तो कसा चालावा, याचा मला अजून राग आहे.

दुसरी अडचण त्याच सप्टेंबरची. दुसरीचा वर्ग, नवीन टीए, आणि तिला काहीच ठाऊक नव्हतं. ईपींचे त्या वर्षाचे तास ओवीसाठी संपले होते. महिनाभर लेक पुन्हा गप्प. आढावा बैठक जुलैमध्येच, नव्या माणसांना बसवून व्हायला हवी होती. ऑक्टोबरमध्ये बाईंनी येऊन अर्ध्या तासात नव्या टीएला पायऱ्या समजावल्या आणि एक पानाचं टिपण केलं: काय म्हणायचं, काय म्हणायचं नाही, प्रश्न विचारण्याऐवजी नुसतं बोलत राहायचं, मग थांबायचं. ते पान आता दप्तराच्या आतल्या कप्प्यात असतं. बदली बाई आल्या तरी त्यांना मिळतं.

ज्यांच्या मुलांना याहून जास्त मदत लागते त्यांच्यासाठी ईएचसी प्लॅन आहे, म्हणजे मुलाला कोणती मदत द्यायची ते कौन्सिलने कायद्याने बांधून लिहून दिलेला आराखडा. आम्हाला त्याची गरज पडली नाही, पण शेजारणीला पडली म्हणून माहीत आहे. 2014 च्या कायद्याने त्याची मागणी पालक स्वतः कौन्सिलकडे करू शकतात, शाळेची वाट बघायची गरज नसते. तपासणी करायची की नाही हे सहा आठवड्यांत कळवावं लागतं, तपासणीत ईपींचं मत घ्यावंच लागतं, आणि सगळं मिळून वीस आठवड्यांची मुदत आहे. मुदती सगळीकडे पाळल्या जात नाहीत. तारखा वहीत लिहून ठेवा आणि पत्रव्यवहार ईमेलवर करा.

बहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिच्या शाळेत अध्ययन अक्षमतेची शंका आली की पालक सरकारी रुग्णालयात जातात, प्रमाणपत्र आणतात, दहावीला वेळ वाढवून मिळतो. भारतातल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली त्याचा पुष्कळ मुलांना फायदा झाला. "पण वर्गात येऊन बसणारं कुणी नाही गं," ती म्हणाली. "प्रमाणपत्र येतं, ते मी फाइलला लावते, आणि माझी हजेरी घ्यायची पद्धत तीच राहते." पुढच्या आठवड्यात तिने स्वतःच्या वर्गात हजेरीसाठी नावांच्या चिठ्ठ्या सुरू केल्या. त्यात साठ मुलं आहेत.

या सेवेला पाचपैकी चार देते. एक कापला तो सेवांमधल्या निरोपाच्या गोंधळासाठी. कामाला पाच. त्यातही वर्गात काचेतून बघितलेल्या त्या मुठीसाठी मला द्यायला अजून असते तर दिले असते.

ओवी आता सात वर्षांची आहे. टीएशी बोलते, तीन मैत्रिणींशी बोलते, वर्गशिक्षिकेला वाचून दाखवते, पण हळू आवाजात आणि दोघीच असतील तर. पूर्ण वर्गापुढे अजून नाही. सप्टेंबरमध्ये तिसरीसाठी शाळा बदलतेय, फाटक वेगळं, माणसं वेगळी. यंदा मी सेन्कोकडे मे महिन्यापासून पाठपुरावा केला आणि दोन्ही शाळा, ईपी बाई आणि थेरपिस्ट अशी एकत्र बैठक जूनमध्येच घडवून आणली. येत्या मंगळवारी साडेतीनला, मुलं घरी गेल्यावर, नव्या वर्गात आम्हाला बोलावलंय. जुन्या टीए येणार आहेत, नव्या बाई दाराशी बसून कागद कापणार आहेत, आणि सापशिडीचा पट ओवीने कालच दप्तरात भरून ठेवलाय.